सीबीसीतल्या पांढऱ्या पेशी: मशीनच्या आकड्यावर भरवसा कधी ठेवायचा?

पाऊस सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईत तापाचे पेशंट वाढतात आणि त्यांच्याबरोबर सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींच्या मोजणीचे, रिपोर्टही. डेंग्यू असो, मलेरिया असो, लेप्टो असो की साधा व्हायरल, डॉक्टर पहिल्यांदा हीच तपासणी लिहून देतात. मग सकाळी नौपाड्यातल्या लॅबमध्ये पांढऱ्या पेशी ३,८०० येतात, संध्याकाळी पेशंट वाशीला हॉस्पिटलात दाखल होतो तेव्हा त्याच ४,६०० येतात. एका रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘लो’, दुसऱ्यावर काहीच नाही. मग खरं कोण? प्लेटलेटवरून हा वाद आपल्याकडे दर पावसाळ्यात होतो. लोक आता रिपोर्ट स्वतःच मोबाइलवर उघडून वाचतात, त्यामुळे पांढऱ्या पेशींवरूनही तो होऊ लागला आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे आकडे रोज माझ्या सहीने बाहेर जातात. ते कसे तयार होतात, कुठे पक्के असतात आणि कुठे डळमळतात, हे पेशंटच्या घरच्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. मधल्या पट्ट्यात मशीनचा आकडा माणसाच्या डोळ्यापेक्षा पक्का असतो. खरी परीक्षा टोकांना होते, म्हणजे पेशी फार कमी, फार जास्त किंवा वेगळ्याच दिसणाऱ्या असतात तेव्हा. त्या टोकांना आपलं मशीन कसं वागतं हे लॅबने स्वतः तपासून ठेवलंय की नाही, यावर रिपोर्टची किंमत ठरते.

आधी आकडा वाचू या

एक मिलिमीटर लांब, तेवढंच रुंद आणि तेवढंच उंच एवढं रक्त घेतलं, तर मोठ्या माणसात त्यात साधारण ४५ ते ५० लाख लाल पेशी असतात, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि पांढऱ्या पेशी फक्त ४,००० ते ११,०००. म्हणजे सहा-सातशे लाल पेशींमागे एखादी पांढरी. घन मिलिमीटर आणि मायक्रोलिटर हे एकच माप, त्यामुळे रिपोर्टवर यातलं काहीही लिहिलेलं असलं तरी अर्थ तोच. एका रिपोर्टवर ७,२०० आणि दुसऱ्यावर ७.२ दिसलं तरी घाबरू नका. दुसऱ्या रिपोर्टवर एकक हजारात दिलेलं असतं. ‘पेशी सातवर आल्या’ म्हणून रात्री अकराला फोन करणारे नातेवाईक मला दर पावसाळ्यात भेटतात.

पांढऱ्या पेशी पाच जातींच्या: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल. सगळ्यांच्या बेरजेला लॅबमध्ये ‘टोटल काउंट’ म्हणतात आणि जातवार टक्केवारीला ‘डिफरन्शियल’. हे दोन शब्द पुढे वारंवार येतील.

तापात हा आकडा डॉक्टरांना बरंच सांगतो. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आधी उतरतात, प्लेटलेट नंतर घसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत हा क्रम स्पष्ट दिला आहे: पांढऱ्या पेशी उतरत जाणं, मग प्लेटलेट झपाट्याने खाली येणं आणि त्यानंतर रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोक्याचा टप्पा. सगळं घर प्लेटलेटकडे डोळे लावून बसलेलं असतं तेव्हा अनुभवी डॉक्टर त्याच रिपोर्टच्या वरच्या ओळीत पांढऱ्या पेशी बघत असतात. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला लेप्टो झाला, तर न्यूट्रोफिल बहुधा वाढलेले दिसतात. टायफॉइडमध्ये काउंट बऱ्याचदा कमी किंवा नॉर्मल असतो. म्हणून तीन-चार दिवसांच्या तापात टोटल काउंट ३,००० की १३,००० हा फरक औषधाची दिशा बदलू शकतो.

मशीन नव्हतं तेव्हा

जुनी पद्धत अजून कॉलेजात शिकवतात, आणि ती शिकवायलाच हवी. न्यूबॉअर चेंबर नावाची जाड काच असते, तिच्यावर बारीक चौकटी कोरलेल्या असतात. एक भाग रक्त आणि १९ भाग ट्यूर्क फ्लुइड मिसळायचं. त्यातलं अॅसेटिक अॅसिड लाल पेशी फोडून टाकतं आणि जांभळा रंग पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला चढतो. चेंबरवर पातळ काच ठेवून कडेला अंगठ्यांनी हलकेच दाबायचं, दोन काचांमध्ये इंद्रधनुषी वलयं दिसेपर्यंत. ती दिसली म्हणजे आतली खोली बरोबर ०.१ मिलिमीटर झाली. मग थेंब कडेला टेकवायचा, तो आपणहून आत ओढला जातो. बाजूच्या चरात ओघळला तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. पेशी खाली बसायला दोन मिनिटं द्यायची आणि कोपऱ्यातल्या चार मोठ्या चौकटी मोजायच्या. वरच्या आणि डाव्या रेघेला टेकलेली पेशी धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेला टेकलेली सोडायची. आलेल्या संख्येला ५० ने गुणलं की टोटल काउंट मिळतो.

आता हिशेब बघा. ज्याचा खरा काउंट ७,००० आहे, त्याच्या चार चौकटींत सरासरी १४० पेशी दिसणार. थेंबात पेशी विखुरतात त्या नशिबाने, कधी १३० येतील, कधी १५५. मोजणारा कितीही निष्णात असो, नुसत्या या विखुरण्यामुळेच आकडा साधारण ५,८०० ते ८,२०० यांत कुठेही पडू शकतो. काउंट १,००० असेल तर चौकटींत जेमतेम २० पेशी असतात, आणि उत्तर ५५० पासून १,४५० पर्यंत काहीही येऊ शकतं. पातळ करताना झालेली चूक आणि दुपारी चार वाजता थकलेले डोळे यात धरलेलेच नाहीत.

डिफरन्शियलचंही तसंच. काचेवर, म्हणजे स्लाइडवर, रक्त पसरून, रंगवून शंभर पेशी मोजायची रीत आहे. शंभरात पाच इओसिनोफिल दिसले म्हणजे खरं प्रमाण दीड-दोन टक्क्यांपासून अकरा टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. ‘डोळ्यांनी बघितलेलं तेच खरं’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

मशीन मोजतं कसं

वॉलेस कूल्टर या अमेरिकन अभियंत्याला ही युक्ती १९४० च्या दशकात शिकागोत सुचली आणि १९५३ साली तिचं पेटंट मिळालं. बेलापूर–पेंधर मेट्रोच्या स्टेशनात शिरताना गेटमधून एकेकाला जावं लागतं, तसं पेशींना एका सूक्ष्म छिद्रातून एकामागून एक पाठवायचं. छिद्राच्या दोन्ही बाजूंना खारट पाणी आणि त्यातून वाहणारी वीज. पेशी छिद्रात आली की क्षणभर विजेला अडथळा होतो. एक अडथळा म्हणजे एक पेशी, आणि अडथळा जितका मोठा तितकी पेशी मोठी. पांढऱ्या पेशी मोजण्याआधी रसायन घालून लाल पेशी फोडतात, नाहीतर त्या लाखोंच्या गर्दीत पांढऱ्या दिसायच्याच नाहीत. गेटमधून दोघं चिकटून घुसले तर गेटच्या हिशेबी एकच माणूस गेला. मशीनमध्येही दोन पेशी एकदम छिद्रात आल्या तर एकच मोजली जाते. म्हणून रक्त भरपूर पातळ करतात आणि उरलेल्या फरकाची गणिताने भरपाई करतात.

पुढे लेझर आला. पेशीवर पडलेला प्रकाश कसा विखुरतो यावरून तिचा आकार, आतले कण आणि केंद्रकाची ठेवण यांचा अंदाज येतो. काही मशीन आतल्या न्यूक्लिइक अॅसिडला चमकणारा रंग लावतात. ‘फाइव्ह पार्ट’ मशीन पाचही जाती वेगळ्या दाखवतं. गल्लीतल्या छोट्या लॅबमध्ये बहुधा ‘थ्री पार्ट’ असतं. ते लहान, मध्यम आणि मोठ्या असे तीनच गट करतं, त्यामुळे इओसिनोफिल वेगळे सांगू शकत नाही. थ्री पार्ट वाईट नाही. पण त्यावर निघालेल्या रिपोर्टवर इओसिनोफिलची टक्केवारी छापलेली असेल, तर ती कोणीतरी स्लाइड बघून लिहिलेली असायला हवी.

मशीन एका वेळी काही हजार पेशी मोजतं, तेही मिनिटाभरात. नॉर्मल पट्ट्यात एकच सॅम्पल दहा वेळा चालवलं तर आकडे दोन-तीन टक्क्यांच्या आत खेळतात. चेंबरवर हे जमणं अशक्य आहे. या पट्ट्यात मशीनला तोड नाही, आणि तसं मानण्यात कोणाही डॉक्टरला कमीपणा वाटू नये.

मग दोन लॅबचे आकडे वेगळे का येतात?

पहिलं कारण तुमचं शरीर. रक्तातल्या न्यूट्रोफिलपैकी बरेचसे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले असतात. जिने चढलात, घाबरलात, लहान मूल सुई बघून रडलं, स्टेरॉइडची गोळी घेतली, की ते सुटून प्रवाहात येतात आणि काउंट वाढतो. धडधाकट माणसाचाही टोटल काउंट दिवसागणिक सरासरी १० टक्क्यांच्या आसपास वर किंवा खाली हलतो, एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीनेही. त्यात मशीनचा दोन-तीन टक्क्यांचा फरक मिळवला, तर दोन वेळच्या आकड्यांत ३० टक्क्यांपर्यंतचा फरक काहीही न घडता पडू शकतो. ३,८०० आणि ४,६०० मधला फरक २० टक्क्यांच्या आसपास. दोन्ही लॅब बरोबर असू शकतात. ४,००० ही रेघ आपण मारलेली आहे, पेशींना ती माहीत नसते.

दुसरं कारण सुई टोचताना घडतं. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं तर ते पातळ होतं आणि सगळेच आकडे खाली येतात. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. रक्त घेतल्यावर ट्यूब लगेच आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करावी लागते. ती तशीच स्टँडवर ठेवली तर आत बारीक गुठळी धरते आणि तिच्यात पेशी अडकतात. ट्यूब खुणेपर्यंत भरलेली हवी. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाने ट्यूब उलटीसुलटी केली का, हे तुम्ही उभ्या उभ्या बघू शकता. केली नसेल तर सरळ सांगा, राग यायचं कारण नाही.

तिसरं कारण वेळ. घोडबंदर रोडवरच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी आठला घेतलेलं रक्त एमआयडीसीतल्या मोठ्या लॅबमध्ये दुपारी पोहोचतं. टोटल काउंट तेवढ्यात फारसा बदलत नाही. डिफरन्शियल मात्र जसजसा वेळ जातो तसतसं बिघडतं, कारण पेशी ट्यूबमध्ये फुगतात, मोडतात आणि त्यांची केंद्रकं बदलतात.

इतकं महागडं मशीन, मग ते फसतं कसं?

मशीन पेशी ओळखत नाही. त्याला फक्त अडथळा, प्रकाश आणि चमक कळते. प्लेटलेटचा पुंजका पांढऱ्या पेशीएवढा झाला की ते त्याला पांढरी पेशी समजू शकतं. काही माणसांच्या प्लेटलेट ईडीटीएमुळेच एकमेकींना चिकटतात. अशा रिपोर्टवर पांढऱ्या पेशी थोड्या जास्त आणि प्लेटलेट भयंकर कमी दिसतात, पेशंटला मात्र काहीच झालेलं नसतं. डेंग्यूच्या दिवसांत यापायी घराची झोप उडते. स्लाइडवर पुंजके दिसतात आणि निळ्या टोपीच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा मोजलं की उलगडा होतो.

काही लाल पेशी फुटायला नकार देतात. काही लाल पेशींमध्ये केंद्रक शिल्लक असतं: नवजात बाळांत, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांत, शरीरातून अचानक खूप रक्त गेलं तर. लाल पेशी फोडल्यानंतर उरलेलं केंद्रक जुन्या मशीनला पांढऱ्या पेशीसारखंच दिसतं. आपल्या जिल्ह्यात उल्हासनगरसारख्या ठिकाणी सिंधी वस्ती मोठी आहे आणि या समाजात थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त, त्यामुळे असं सॅम्पल इथल्या लॅबला नवं नाही. समजा मशीनने २०,००० दाखवले आणि स्लाइडवर दर १०० पांढऱ्या पेशींमागे ६० केंद्रकवाल्या लाल पेशी दिसल्या. मग २०,००० ला १०० ने गुणून १६० ने भागायचं, खरा काउंट १२,५०० येतो. हा हिशेब न करता रिपोर्ट गेला, तर नसलेल्या जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक सुरू होऊ शकतं. नवी मशीन या पेशी वेगळ्या मोजतात, पण तुमच्या लॅबमधलं मशीन त्यातलं आहे का, हे कोणीतरी तपासलेलं हवं.

मलेरियात तर आणखी मजेशीर गोष्ट घडते. परजीवीचा काळपट रंगद्रव्याचा कण न्यूट्रोफिलने गिळला की काही मशीनवर तो न्यूट्रोफिल इओसिनोफिल म्हणून मोजला जातो. तापाच्या पेशंटमध्ये अचानक वाढलेले इओसिनोफिल बघून सावध टेक्निशियन मलेरियासाठी स्लाइड पुन्हा चाळतो.

नवं मशीन आलं की लॅबने काय करायचं

मशीन बनवणारी कंपनी आपल्या तपासण्या करूनच ते विकते. पण त्या झाल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत, कंपनीच्या लोकांच्या हातून. आपल्या पाण्यात, आपल्या विजेवर, आपल्या पेशंटांच्या रक्तावर ते तसंच चालतं का, हे लॅबने बघायचं असतं. यासाठी आंतरराष्ट्रीय हिमॅटॉलॉजी मानकीकरण परिषदेने २०१४ मध्ये सुधारित मार्गदर्शिका दिली आहे, आणि वैद्यकीय लॅबसाठी असलेल्या आयएसओ १५१८९ या मानकातही अशी पडताळणी सक्तीची आहे.

सगळ्या चाचण्या इथे सांगत बसत नाही. सॅम्पल पुन्हा पुन्हा चालवून आकडा किती हलतो ते बघणं आणि रक्त टप्प्याटप्प्याने पातळ करत नेऊन आकडा त्याच प्रमाणात उतरतो का ते बघणं, या सरळ गोष्टी आहेत. दोन चाचण्यांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण त्यांचा पेशंटशी थेट संबंध आहे.

एक म्हणजे आधीच्या सॅम्पलचा उष्टेपणा, लॅबच्या भाषेत ‘कॅरीओव्हर’. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशंटचं दीड लाख काउंटचं रक्त मशीनमधून गेलं आणि लगेच मागून केमोथेरपीच्या पेशंटचं ६०० काउंटचं आलं. आधीच्या रक्ताचा अर्धा टक्का जरी नळीत राहिला, तरी मागच्या पेशंटच्या आकड्यात जवळजवळ ७५० ची भर पडते. ६०० चे १,३५० झाले. हे तपासायची रीत सोपी आहे: जास्त काउंटचं सॅम्पल तीनदा, पाठोपाठ कमी काउंटचं तीनदा चालवायचं आणि कमी काउंटच्या पहिल्या आकड्यात तिसऱ्याच्या मानाने किती भर पडली ते मोजायचं. अर्ध्या तासाचं काम, पण नॉर्मल सॅम्पलांच्या गर्दीत हा दोष कधीच वर येत नाही, म्हणून मुद्दाम करावं लागतं.

दुसरी म्हणजे तुलना. नव्या मशीनचे आकडे जुन्या मशीनशी किंवा मान्य पद्धतीशी ताडून बघतात. इथे एक सापळा आहे आणि भलेभले त्यात अडकतात. ‘आमच्या मशीनचा सहसंबंध ०.९९ आहे’ असं विक्रेता अभिमानाने सांगतो. सहसंबंध म्हणजे दोन आकडे एकमेकांबरोबर किती इमानाने वरखाली होतात त्याचं माप. आता समजा खरे काउंट २,०००, ४,०००, ८,००० आणि १६,००० आहेत आणि मशीन दाखवतंय २,४००, ४,८००, ९,६०० आणि १९,२००. सहसंबंध बरोबर १, म्हणजे पैकीच्या पैकी. आणि प्रत्येक आकडा २० टक्क्यांनी चुकलेला! मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधून हीच गोष्ट डॉक्टरांना पटवून दिली. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक सॅम्पलमधला फरक काढा, तो दोन आकड्यांच्या सरासरीसमोर मांडा, आणि मग बघा की फरक कुठे वाढतो, एकाच बाजूला झुकतो का. असा आलेख काढला की सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतं ते कमी काउंटचं टोक. तिथले ठिपके विखुरलेले असतील, तर ते मशीन तापाच्या साथीत चालेल, केमोथेरपीच्या पेशंटसाठी त्यावर विसंबता येणार नाही.

तुलनेसाठी निवडलेली सगळी सॅम्पलं धडधाकट माणसांची असतील, तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ राहत नाही. दोन हजारांखालची, पन्नास हजारांवरची, बाळांची, ल्युकेमियाची सॅम्पलं त्यात हवीतच. छोट्या लॅबला ती जमवणं अवघड जातं हे मला माहीत आहे. त्यासाठी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबशी देवाणघेवाण ठेवावी लागते, आणि ती ठेवणाऱ्या लॅब ठाण्यातही आहेत, नवी मुंबईतही आहेत.

मशीन ‘मला शंका आहे’ म्हणतं तेव्हा

पेशींचा नमुना ओळखीचा वाटला नाही की मशीन आकड्याशेजारी इशारा छापतं. त्याला ‘फ्लॅग’ म्हणतात. अपक्व पेशी असाव्यात, प्लेटलेटचे पुंजके असावेत, लिम्फोसाइट वेगळे दिसतात, अशा अर्थाचे. माझ्या मते मशीनच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोलाचं. आकडा दोन टक्क्यांनी चुकला तर कोणाचं बिघडत नाही, पण ल्युकेमियाच्या पेशी ‘मोनोसाइट’ म्हणून मोजल्या गेल्या आणि फ्लॅग आला नाही, तर पेशंटचे आठवडे वाया जातात.

म्हणून मूल्यमापनात फ्लॅगची परीक्षा वेगळी घ्यायची असते. खरं उत्तर स्लाइडवरून ठरवतात. त्यासाठीची मान्य रीत अशी की दोन अनुभवी माणसांनी स्वतंत्रपणे प्रत्येकी २०० पेशी मोजायच्या, मिळून ४००. मग चार रकाने भरायचे: फ्लॅग आला आणि खरंच काही होतं; फ्लॅग आला पण काही नव्हतं; फ्लॅग नाही आणि काही नव्हतं; आणि चौथा, फ्लॅग नाही पण काहीतरी होतं. हा चौथा रकाना रिकामा राहील यासाठी सगळी धडपड.

मग फ्लॅग एकदम संवेदनशील का ठेवत नाहीत? कारण दुसरा रकाना फुगतो. समजा रोज हजार सॅम्पलं येतात आणि चारशेंवर फ्लॅग येतो. चारशे स्लाइड नीट बघायला माणसं कुठून आणायची? कामाच्या रेट्यात प्रत्येक स्लाइडला अर्धं मिनिट मिळालं की खरी वाईट स्लाइडसुद्धा निसटते. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने स्लाइड केव्हा बघावी याचे ४१ नियम घालून दिले. त्यातला एक असा: एखाद्या पेशंटचा टोटल काउंट पहिल्यांदाच ४,००० च्या खाली किंवा ३०,००० च्या वर आला, तर स्लाइड बघायचीच. आता जुलै ते ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे ४,००० च्या खालचे काउंट रांगेने येतात. काही लॅब ही रेघ खाली सरकवतात. ते करायला हरकत नाही, पण सरकवण्याआधी आपल्याच काही शे सॅम्पलांवर पडताळून बघायला हवं की त्यामुळे काय निसटलं असतं. गर्दी आहे म्हणून फ्लॅग बंद करून टाकणं मला अजिबात मान्य नाही.

डेंग्यूच्या चौथ्या-पाचव्या दिवशी लिम्फोसाइट मोठे, गडद निळे, कडेला दुमडलेले दिसतात. मशीन त्यांच्यावर फ्लॅग टाकतं किंवा त्यांना मोनोसाइटमध्ये ढकलतं. स्लाइडवर बघणाऱ्याला त्या पेशी बघताक्षणी कळतं की ही विषाणूशी चाललेली झुंज आहे, ल्युकेमिया नाही. रिपोर्टच्या तळाशी ‘रिअॅक्टिव्ह लिम्फोसाइट दिसले’ अशी एक ओळ असेल, तर ती एका माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहिलेली आहे. ती ओळ डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

लॅबला एनएबीएल आहे, मग काळजी कशाला?

एनएबीएल ही लॅबना मानांकन देणारी आपली राष्ट्रीय संस्था. मानांकन घेणं ऐच्छिक आहे, आणि ज्यांनी ते घेतलंय त्यांनी वर सांगितलेली पडताळणी कागदोपत्री ठेवलेली असते, रोज सकाळी ठरलेल्या काउंटचं ‘कंट्रोल’ रक्त चालवून बघितलेलं असतं आणि बाहेरून आलेल्या गुप्त नमुन्यांवर आपले आकडे ताडून घेतलेले असतात. दिल्लीच्या एम्समधला हिमॅटॉलॉजी विभाग असा कार्यक्रम अनेक वर्षं चालवतो. अमेरिकेत अशा बाह्य तपासणीत टोटल काउंटसाठी पूर्वी १५ टक्क्यांची सूट होती, २०२५ पासून ती १० टक्क्यांवर आणली. म्हणजे चांगल्या लॅबकडूनही १० टक्क्यांचा फरक जग चालवून घेतं.

मानांकन नसलेली प्रत्येक लॅब वाईट असं मी म्हणणार नाही. काही छोट्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट स्वतः प्रत्येक शंकास्पद स्लाइड बघतात. तुम्ही काउंटरवर विचारा: कंट्रोल रोज लावता का, काउंट कमी आला तर स्लाइड कोण बघतं? ज्यांना उत्तर माहीत असतं ते लगेच देतात.

आता स्लाइडचे फोटो काढून पेशींची वर्गवारी करणारी संगणकीय यंत्रंही आली आहेत. मला ती आवडतात. दूरच्या सेंटरवरची स्लाइड इथे बसून बघता येते आणि दोनशे पेशी पडद्यावर ओळीने मांडून मिळतात. पण त्यांचीही परीक्षा त्याच चार रकान्यांनी घ्यायची, आणि शेवटचा होकार माणसाचाच हवा. स्लाइड वाईट पसरलेली असेल तर फोटोही वाईटच येतो.

ज्यांना खालचं टोक रोज गाठतं त्यांच्यासाठी

खारघरला टाटा मेमोरियलचं केंद्र आहे. तिथे उपचार घेणारी अनेक कुटुंबं आसपास खोली घेऊन राहतात आणि केमोच्या आधीची सीबीसी कधीकधी जवळच्या लॅबमध्ये करून नेतात. त्यांच्यासाठी टोटल काउंटपेक्षा न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या महत्त्वाची असते, जिला डॉक्टर ‘एएनसी’ म्हणतात. टोटल काउंट १,५०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर एएनसी ४५०. पाचशेच्या खाली गेलं की जंतुसंसर्गाचा धोका फार वाढतो. ते ३० टक्के शंभर पेशी मोजून काढलेले असतील, तर खरा आकडा ३१५ पासून ६०० पर्यंत कुठेही असू शकतो. इथे हजारो पेशी मोजणारं, खालच्या टोकाला तपासलेलं फाइव्ह पार्ट मशीन खरोखर उपयोगी पडतं, आणि सोबत स्लाइडही बघितलेली हवी. प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये, शक्यतो सकाळच्या त्याच वेळी तपासणी करा, म्हणजे उतार-चढाव खरा दिसेल. आकडा आधीच्याशी अजिबात जुळत नसेल तर त्याच दिवशी लॅबला फोन करून तीच ट्यूब पुन्हा चालवायला आणि स्लाइड बघायला सांगा. बहुतेक लॅब ट्यूब लगेच फेकून देत नाहीत, आणि पुन्हा बघण्याचे वेगळे पैसे मागायचं कारण नाही.

केमो चालू असलेल्या माणसाला १०१ फॅरनहाइट ताप आला, किंवा १००.४ च्या वरचा ताप तासभर उतरला नाही, तर एएनसी ४५० की ६०० हे दुसऱ्या लॅबकडून पक्कं करून घ्यायला थांबू नका. रिपोर्ट हातात असो वा नसो, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. रक्त तिथे पुन्हा घेतीलच.